सकाळी हलकं, दुपारी जड: 41 डिग्रीत सेसना उडवताना नक्की बदलतं काय?

कऱ्हाकाठ
बारामतीला सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्सचं) ट्रेनिंग चालू आहे, सेसना 172 एस वर. सकाळी सातच्या सॉर्टीत (उड्डाणात) विमान अगदी अलगद उचलतं. परवा दुपारी दोनची सॉर्टी मिळाली, तापमान 41. तेच विमान, वजन तेवढंच, रोटेटही (नाक उचलणं) 55 नॉटलाच केलं. तरी रनवे भराभर मागे पडत गेला आणि 55 काही येईना. सकाळी व्हीएसआय (मिनिटाला किती फूट चढतोय ते दाखवणारा काटा) 600 च्या वर असतो, दुपारी 400 पण धड दाखवेना. डेन्सिटी अल्टिट्यूडची, म्हणजे इथल्याइतकी विरळ हवा स्टँडर्ड वातावरणात ज्या उंचीवर असते त्या उंचीची, व्याख्या परीक्षेपुरती पाठ आहे. पण एअरस्पीड तोच असताना एवढा फरक का? आणि टेकऑफ सोडून द्यायचा हे कशावरून ठरवायचं?

विंडसॉक
इन्स्ट्रक्टर म्हणून माझी बरीच वर्षं याच उन्हात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे मांड. तुमचं फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर. मे महिन्यात क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1005 च्या आसपास धर. स्टँडर्ड 1013 पेक्षा 8 कमी, दर एककाला 30 फूट, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (दाबाच्या हिशेबाने उंची) झाली 2240. त्या उंचीवर स्टँडर्ड तापमान साडेदहा डिग्री असायला हवं, तुझ्याकडे होतं 41. फरक साडेतीस. दर डिग्रीला 120 फूट धरले की आणखी 3660. म्हणजे चाकं बारामतीच्या डांबरावर, पण इंजिन, प्रोपेलर आणि पंख 5900 फुटांवरच्या हवेत. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. सकाळी 24 डिग्रीला हाच हिशेब 3900 च्या आत येतो.

आता तुझा मुद्दा. एअरस्पीड इंडिकेटर हवेचा दाब मोजतो, वेग नाही. विरळ हवेत 55 दिसण्यासाठी विमानाला खरोखर 60 नॉटने पळावं लागतं. तो वेग गाठायचा तर इंजिनात जोर हवा, आणि नेमका तोच कमी झालेला असतो. 172 एस चं इंजिन 180 हॉर्सपॉवरचं, पण 5900 फुटांच्या हवेत त्यातले दीडशेच हाती लागतात. विरळ हवेत प्रोपेलरची पकडही सुटते. जास्त वेग गाठायचाय आणि जोर कमी, मग रनवे जाणारच.

खरा धोका पुढे आहे. बाहेर जमीन जोरात पळताना दिसते आणि हात आपोआप योक (नाक वर-खाली करायचं हँडल) ओढतो. विमान ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीलगत पंखांना मिळणाऱ्या जादा आधारामुळे) उचलतं खरं, पण दहा-पंधरा फुटांवर गेलं की चढत नाही आणि स्टॉल वॉर्निंग (पंखांची उचल सुटत आल्याचा इशारा) वाजायला लागते. तिथे नाक आणखी वर करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. 55 म्हणजे 55, बाहेर काहीही दिसो. लँडिंगलाही तसंच, अप्रोचचा आकडा बदलायचा नाही, पण विमान जास्त वेगाने टेकतं आणि लांब जातं.

एक बारीक गोष्ट. उन्हात उभ्या विमानाचा ओएटी गेज (बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणारा) तापलेला असतो, त्यावर विसंबू नकोस. मेटारचं (विमानतळाच्या हवामान अहवालातलं) तापमान घे आणि पीओएचचा (विमानाच्या हँडबुकचा) टेकऑफ अंतराचा तक्ता उघड. तो तक्ता नव्या विमानावर, कसलेल्या पायलटने काढलेला असतो, त्यामुळे वर भरपूर मार्जिन ठेव.

डेन्व्हरकर
इथे अमेरिकेत, डेन्व्हरजवळचा सेंटेनियल विमानतळच 5885 फुटांवर आहे. उन्हाळ्यात 30 डिग्री झालं की डेन्सिटी अल्टिट्यूड 9000 ओलांडते. टाक्या अर्ध्या ठेवणं हा आमचा पहिला उपाय. 172 एस मध्ये 200 लिटरऐवजी 100 घेतलं की 72 किलो कमी, म्हणजे एक माणूसच उतरला. डोंगराकडे जायचं तर पहाटे, दुपारी नाहीच.

इथे टेकऑफआधी मिक्श्चर लीन करतात, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करतात, नाहीतर इंजिन रिच होऊन (इंधन जास्त होऊन) आणखी जोर घालवतं. तुमच्या उंचीवर मात्र पीओएच आणि स्कूलचं एसओपी (ठरलेली कार्यपद्धत) सांगेल तेच कर. मनाने नॉब ओढलास तर इंजिन तापेल.

भातखाचर
सगळे उन्हाबद्दल लिहितायत म्हणून पावसाळ्याचं सांगतो. सेसना 152 वर जाणार असशील तर लक्षात ठेव, तिला कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) आहे, 172 एस ला नाही. बाहेर 22-23 डिग्री आणि हवा दमट असली तरी व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) तापमान 20 डिग्रीने किंवा जास्तही उतरू शकतं, आणि आत बर्फ धरतो. डिसेंटला पॉवर कमी असताना तर हमखास. आरपीएम हळूहळू उतरायला लागला की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढायची. आधी इंजिन खडखडेल, आरपीएम आणखी पडेल. घाबरून नॉब परत आत ढकलू नकोस, बर्फ वितळून पाणी इंजिनातून जातंय. थोड्या वेळात आरपीएम वर येतो.

कऱ्हाकाठ
सर, हिशेब वहीत उतरवून घेतला. टेकऑफ सोडायचं कशावरून ठरवायचं तेवढं राहिलं.

विंडसॉक
रनवेच्या मध्यावरची एखादी खूण टॅक्सी करतानाच (विमान जमिनीवरून नेतानाच) हेरून ठेव, टॅक्सीवेचं तोंड किंवा बोर्ड. तिथे पोचेपर्यंत रोटेटच्या 70 टक्के वेग, म्हणजे तुझ्या बाबतीत 39 नॉट, आला नसेल तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक. हा आकडा ब्रीफिंगमध्ये मोठ्याने बोल, म्हणजे शेजारच्यालाही माहीत राहील. आणि तक्त्यातलं अंतर मार्जिनसकट रनवेत बसत नसेल, तर दुपारची सॉर्टी नको असं तुझ्या इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांग.