मदत हवी आहे: क्वेकच्या फोर्कमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड मजकूर फुटतोय. शेपिंग नेमकं कुठं बसवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर एक छोटा थ्रीडी गेम करतोय. इंजिन म्हणजे क्वेक या जुन्या शूटर गेमच्या इंजिनाचा एक जुना फोर्क (कुणीतरी बदललेली प्रत), सी मधला, ओपनजीएल रेंडररवाला. ‘युनिटी का नाही’ हे कुणी विचारायच्या आधीच सांगतो: गेम जिथं चालवायचाय ती एका शाळेच्या लॅबमधली मशीनं आहेत, ग्राफिक्स कार्डाचं नाव काढू नका. क्वेकचा सोर्स १९९९ साली जीपीएलखाली खुला झाला, तेव्हापासून लोकांनी त्याला इतकं तासलंय की तो कशावरही पळतो. शिवाय बुरूज, तट, दरवाजे, पायऱ्या असली बांधकामं त्याच्या ब्रशमध्ये (नकाशातल्या घन ठोकळ्यांत) झटपट होतात. भूमिती झकास जमलीय. घोडं अडलंय ते मजकुरावर.

या इंजिनाला अक्षर म्हणजे एक बाइट एवढंच ठाऊक आहे. १२८ बाय १२८ चं एक चित्र, त्यात ८ बाय ८ चे २५६ चौकोन. बाइट १२८ च्या वर गेला की तेच अक्षर सोनेरी रंगात. म्हणजे वरचा बिट रंगासाठी वापरलाय. आता यूटीएफ-८ (यूनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. तिन्ही १२८ च्या वर. १२८ वजा केले की ९६, ३६, २१. परिणाम: स्क्रीनवर ‘क’ च्या जागी सोनेरी `, मग $, मग आणखी एक चिन्ह. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर `$ नाहीतर `% ने सुरू होतं. तेलुगू असेल तर `0 किंवा `1, कन्नड असेल तर `2 किंवा `3. आता कचरा बघूनच भाषा ओळखता येते, एवढी प्रगती आहे.

तीन भाषा कशाला, असं बाहेरच्यांना वाटेल. गेममध्ये दरवाजावरचा पहारेकरी मराठी बोलतो, पूर्व भागातली विणकर मावशी तेलुगू, आणि होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत दुकान मांडून बसलेले अण्णा कन्नड. सोलापुरात एका गल्लीत एवढं ऐकू येतं, ते गेममधून काढलं तर किल्ला कुठलाही असू शकतो.

चाचणीसाठी धरलेली ओळ: ‘किल्ल्याची किल्ली सापडली’. स्पेससकट ६८ बाइट. मधोमध उमटणारा मजकूर आमचा फोर्क ४० बाइटांवर तोडतो. चाळिसावा बाइट बरोबर ‘किल्ली’ मधल्या पहिल्या ‘ल’ वर संपतो, म्हणजे पहिली ओळ ‘किल्ल्याची किल’ आणि दुसरी ओळ चक्क हलंतापासून सुरू. वर टाइपरायटरसारखा मजकूर उमटायचा वेग सेकंदाला ८ ‘अक्षरं’ आहे, म्हणजे ८ बाइट. या एका ओळीला साडेआठ सेकंद लागतात. पोरं तोवर एस्केप दाबून मोकळी होतात.

आमच्यातल्या एकानं तात्पुरता पॅच केलाय. यूटीएफ-८ उलगडून कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा यूनिकोड क्रमांक) काढायचे, फ्रीटाइप लायब्ररीनं फॉण्टमधून प्रत्येकाचं चित्र घ्यायचं, आणि ‘ि’ दिसली की ती आधीच्या अक्षराच्या अलीकडं सरकवायची. ‘किती’ छान दिसतं. ‘सिद्धि’ मध्ये दुसरी वेलांटी द आणि ध च्या मध्ये घुसते, कारण तिनं अख्ख्या ‘द्ध’ ला ओलांडायला हवं. ‘बार्शी’, ‘मैंदर्गी’ मध्ये रफार नाहीच, उघडा हलंत दिसतो. ‘पायऱ्या उतर’ चं तर विचारूच नका. त्या बिचाऱ्याचं म्हणणं, जोडाक्षरांचं एक टेबल करू. मी म्हटलं मराठीचं करशील, तेलुगूत खाली लटकणाऱ्या व्यंजनांचं काय करणार?

एक भूत वेगळंच. लिनक्सवर सर्व्हर टर्मिनलमधून चालवला की मराठी लॉग अर्धवट पुसला जातो. काही ओळी मधूनच तुटून खाली जातात. ‘ऊस’ लिहिलं की हमखास. ‘उजवीकडे’ लिहिलं की मोठी मोकळी जागा. हे यूनिकोडचं दुखणं की वेगळा बग?

तर विचारायचंय ते असं. शेपिंगसाठी, म्हणजे अक्षरं जोडून योग्य आकार द्यायला, हार्फबझ ही लायब्ररी घालायचं मनात आहे, पण कुठं? अक्षर काढणारं फंक्शन एका वेळी एकच बाइट घेतं आणि त्याला शेकडो ठिकाणांहून हाक मारलीय. सोनेरी अक्षरांचं काय करायचं, कारण जुन्या नकाशांतले संदेश ती वापरतात? आणि टाइपरायटर परिणाम ठेवायचा असेल तर ‘एक अक्षर’ कुठं संपतं हे कशावरून ठरवायचं?

*

प्रतिसाद १

गोडो ४ हे इंजिन घ्या. मार्च २०२३ मध्ये ४.० आलं तेव्हापासून हार्फबझ आतच आहे. फुकटचा व्याप कशाला?

*

धागाकर्ता

मान्य आहे हो, पण वर लिहिलंय की मशीनं कुठली आहेत. आणि सगळे नकाशे, दरवाजांचं लॉजिक, सगळं क्वेक-सी (क्वेकची स्वतःची भाषा) मध्ये लिहून झालंय. इंजिन बदलणं हा पर्याय धरू नका प्लीज.

*

प्रतिसाद २

डीटीपीवाल्यांचा जुना फॉण्ट घ्या. अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या सगळं २५६ च्या आत बसवलेलं असतं. चित्र तेवढं बदला, कोडला हात लावायची गरज नाही. लग्नपत्रिका अजून तशाच छापतात.

*

प्रतिसाद ३

वरच्या उपायानं एक भाषा, एक फॉण्ट एवढं भागेल. पण खेळाडूनं आपलं नाव इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप केलं की ते यूनिकोडमध्येच येणार, मग दोन पद्धतींमध्ये भाषांतर करत बसा. तीन लिप्यांना २५६ चौकोन पुरणारही नाहीत. सोडा तो नाद.

मी एका टू-डी इंजिनात हे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अक्षर काढणाऱ्या फंक्शनला हात लावू नका. त्याच्या वरची पायरी पकडा, म्हणजे अख्खी स्ट्रिंग काढणारं फंक्शन. जिथं जिथं कोड स्वतः लूप फिरवून एकेक बाइट काढतो (मधोमधचा संदेश, कन्सोल, मेनू, स्कोअरबोर्ड), तिथला लूप काढून स्ट्रिंगवाल्या फंक्शनला हाक मारा. शेकडो वाटतात, पण त्यातल्या बऱ्याच हाका आकडे आणि चौकटी काढणाऱ्या असतात. त्या तशाच राहू द्या.

त्या एका फंक्शनमध्ये क्रम असा: आधी स्ट्रिंगचे लिपीनुसार तुकडे. देवनागरी ०९०० ते ०९७एफ, तेलुगू ०सी०० ते ०सी७एफ, कन्नड ०सी८० ते ०सीएफएफ. स्पेस, विरामचिन्हं आधीच्या तुकड्यात. प्रत्येक तुकडा त्याच्या फॉण्टसह हार्फबझला द्या, लिपी आणि भाषा दोन्ही सांगून. भाषा ‘मराठी’ सांगायला विसरू नका. फॉण्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. नोटोचे तिन्ही लिप्यांचे फॉण्ट एका घरातले आहेत, जाडी जुळते.

हार्फबझ परत देतं ते ग्लिफचे (फॉण्टमधल्या आकृत्यांचे) क्रमांक आणि जागा. इथून पुढं कोडपॉइंट विसरायचा. फ्रीटाइपला चित्र मागताना ग्लिफ क्रमांकानंच मागा, अ‍ॅटलासची (सगळे ग्लिफ साठवलेल्या मोठ्या चित्राची) किल्लीही फॉण्ट, आकार आणि ग्लिफ क्रमांक हीच. ‘ल्ल्य’ ला कोडपॉइंट नाही, पण ग्लिफ आहेत. फ्रीटाइपवरून बनवलेला हार्फबझ फॉण्ट वापरलात तर सगळी अंतरं पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतात. ६४ नं भागलं नाही तर पहिलं अक्षर स्क्रीनवर आणि दुसरं थेट विजापूर रोडला.

शेपिंग दर फ्रेमला करू नका. स्ट्रिंग बदलेपर्यंत निकाल साठवून ठेवा. तुमच्या मशीनांवर हे महत्त्वाचं.

आता खरा त्रास देणारी गोष्ट: शिरोरेषा. प्रत्येक ग्लिफनंतर पेनची जागा पूर्ण पिक्सेलला गोल केलीत की रेषेत बारीक फटी पडतात. ‘सोलापूर’ चे चार तुकडे दिसतात, त्यात काळोख्या भिंतीवर पांढरा मजकूर असेल तर डोळ्यात खुपतं. पेनची जागा अपूर्णांकातच पुढं न्या, काढताना काय ते गोल करा. अ‍ॅटलासमध्ये ग्लिफभोवती एक पिक्सेल मोकळा सोडा, नाहीतर शेजारच्या चित्राची कड गळते. आणि ८ पिक्सेल उंची विसरा. वर रफार-अनुस्वार, खाली उकार, एवढं आठात मावत नाही. ओळीची उंची फॉण्टकडून घ्या, नाहीतर ‘बार्शी’ चा रफार छाटला जाईल आणि तुम्ही शेपिंगला शिव्या घालाल.

सोनेरी अक्षरं: यूनिकोडमध्ये ई००० पासून खासगी वापराचा पट्टा आहे. जुनी २५६ चित्रं तिथं न्या. स्ट्रिंग वैध यूटीएफ-८ असेल तर तशी वाचा, नसेल तर जुनी समजून त्या पट्ट्यात ढकला. डार्कप्लेसेस या क्वेकच्याच फोर्कनं ही चित्रं त्याच पट्ट्यात ठेवलीत, त्याचा कोड उघडून बघा.

*

प्रतिसाद ४

टर्मिनलच्या भुताबद्दल. तुमच्या फोर्कमध्ये टर्मिनलवर छापणारं फंक्शन शोधा. जुन्या लिनक्स कोडमध्ये तिथं प्रत्येक बाइट १२७ नं मास्क करतात (वरचा बिट काढून टाकतात), सोनेरी अक्षरं साधी दिसावीत म्हणून. हलंताचे बाइट २२४, १६५, १४१. १४१ मधून १२८ गेले की १३, म्हणजे कॅरेज रिटर्न. कर्सर ओळीच्या सुरुवातीला, पुढचा मजकूर आधीच्यावर. ‘ऊ’ चा तिसरा बाइट १३८, त्याचे १०: नवी ओळ. ‘उ’ चा १३७, त्याचे ९: टॅब. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं बसली. मास्क काढून टाका, टर्मिनलला यूटीएफ-८ कळतं.

तिथं असतानाच दोन गोष्टी बघा. एक, अक्षराचा प्रकार साइन्ड कॅरेक्टर (उणे आकडेही धरणारा) असेल आणि तो थेट टेबलाचा इंडेक्स म्हणून वापरला असेल तर २२४ चे उणे ३२ होतात आणि टेबलाच्या अलीकडची मेमरी वाचली जाते. अधूनमधून होणारे क्रॅश बहुधा तिथलेच. दोन, खेळाडूचं नाव १५ बाइटांवर कापत असतील. ‘सिद्धेश्वर’ चं ‘सिद्ध’ होतं, ते नशिबानं नीट दिसतं. नावाच्या सुरुवातीला इंग्रजी एक अंक लावून बघा, अर्धा कोडपॉइंट कापला जाईल. मर्यादा वाढवा आणि कापताना मागं जा: १२८ ते १९१ मधला बाइट हा अक्षराचा मधला तुकडा असतो, त्याच्या आधी कधीच कापू नका.

नेटवर्ककडं मात्र हात लावू नका. तिथं स्ट्रिंग वाचताना शून्य किंवा उणे एक आलं की थांबतात, आणि उणे एक म्हणून वाचला जाणारा २५५ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीच येत नाही. फुकटात सुटलात.

विंडोजवर सेव्ह फाइल चालते का तेही बघा. लॅबमध्ये कुणी युजरचं नाव मराठीत ठेवलं असेल तर साध्या एफ-ओपनला ते फोल्डर सापडणार नाही, वाइड कॅरेक्टरवालं वापरावं लागेल.

*

धागाकर्ता

प्रतिसाद ४, दंडवत घ्या. मास्क तिथंच होता, तंतोतंत. ‘ऊस’ आता एका ओळीत आहे.

हार्फबझ जोडलं. ‘किल्ल्याची किल्ली सापडली’ पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा आमचा टेबलवाला गडी काही बोलला नाही, पण त्यानं टेबलाची फाइल डिलीट केली. तेलुगूही चालतंय, मावशीचे संवाद त्याच्याच आजीकडून वाचून घेतले, तिनं दोन शब्द बदलायला लावले, अक्षरांवर हरकत नाही. कन्नड दाखवायला माणूस गाठायचाय. शिरोरेषेच्या फटी गेल्या.

अडलंय ते टाइपरायटरवर. हार्फबझ प्रत्येक ग्लिफबरोबर क्लस्टर (तो मूळ मजकुरात कुठून आला तो आकडा) देतं, तोच ‘एक अक्षर’ धरला. बरंचसं जमतं, पण काही जोडाक्षरांत अर्धं अक्षर आधी येतं, क्षणभर तसंच थांबतं, मग उरलेलं.

*

प्रतिसाद ३ चा लेखक

क्लस्टर त्यासाठी पुरत नाही, अर्धं रूप वेगळ्या क्लस्टरात येऊ शकतं. हद्द मूळ मजकुरावर ठरवा: मात्रा, अनुस्वार, हलंत मागच्याला चिकटलेले, आणि हलंतानंतर लगेच व्यंजन आलं तर तिथंही तोडायचं नाही. यूनिकोड १५.१ (२०२३) पासून अधिकृत नियमातही हे देवनागरी आणि तेलुगूसाठी आलंय, त्यामुळं आयसीयू या यूनिकोड लायब्ररीची आवृत्ती जुनी असेल तर ‘क्ष’ चे दोन तुकडे करील. तुमच्या कामाला स्वतःचं तीस-चाळीस ओळींचं फंक्शन पुरे. कन्नडलाही तोच नियम लावा, ओत्तक्षर (खाली लटकणारं व्यंजन) अर्धवट उमटणार नाही.

आणि शेपिंग नेहमी पूर्ण ओळीचं करा, दाखवायच्या तुकड्याचं नाही. क्लस्टरचा आकडा म्हणजे बाइटची जागा. ती हद्दीच्या अलीकडं असेल तर ग्लिफ काढा, नाहीतर थांबा. म्हणजे मजकूर जागेवरून हलत नाही. ओळ तोडणं मात्र स्पेसवरच, मोजलेल्या रुंदीवरून. ते ४० काढून टाका.

*

प्रतिसाद ५

नाव टाइप करायच्या जागी बॅकस्पेसचं काय ठरवलंय? बाणानं अख्खं अक्षर ओलांडा, पण बॅकस्पेसनं एकच कोडपॉइंट पुसा. ‘कि’ लिहून ‘की’ करायचं असतं तेव्हा क परत लिहायला लागला की माणूस वैतागतो.

*

धागाकर्ता

बॅकस्पेस सध्या एक बाइट पुसतो, आज रात्री तेच घेतो. संदेशांची हद्द बसली, वेग सेकंदाला ८ खरी अक्षरं केला. नाव टाइप करताना आणखी एक अडचण आहे: कन्सोलचा कोड १२७ च्या वरची प्रत्येक की फेकून देतो. एसडीएल लायब्ररीचा टेक्स्ट इनपुट इव्हेंट तिथं जोडलाय, यूटीएफ-८ येतंय, पण ` की दाबून कन्सोल उघडला की ते चिन्हही नावात शिरतं. कन्सोल उघडल्यावरचा पहिला इव्हेंट गिळायचा, की इनपुट एक फ्रेम उशिरा चालू करायचा? कुणी केलं असेल तर सांगा.