ठशावरून काळ ठरवू नका

एकाने विचारलंय की, पाठीवर 'हे चाओझोंग' या कारागिराच्या नावाचा ठसा आहे, म्हणजे ग्वानयिनची (आपल्या अवलोकितेश्वराचंच चिनी रूप) पांढऱ्या चिनी मातीची मूर्ती मिंग काळातलीच (चीनमधली मिंग राजवट, १३६८–१६४४) ना? तेवढ्यावरून नाही. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या देहुआ गावच्या या कारागिराचा ठसा पुढे कितीतरी जणांनी मारला, आजही मारतात.

मूर्ती उलटी करून आत बघा. जुन्या मूर्ती साच्यात माती हाताने दाबून केलेल्या. आत बोटांच्या खुणा दिसतात, जाडी कमीजास्त असते. आतून एकसारखी पातळ नि गुळगुळीत असेल तर पातळ माती ओतून केलेली, बहुधा अलीकडची. मिंगच्या अखेरच्या चांगल्या मूर्तींना सायीसारखी उबदार झाक असते. फार देखणी! पण नुसता रंग पुरावा नव्हे, त्याचीही नक्कल होते.

तळाच्या भेगेला घाबरू नका. भट्टीतली भेग असेल तर कडा मऊ, झिलई आत उतरलेली. नंतरच्या तड्याच्या कडा धारदार. बोटं मात्र एकेक तपासा, आधी तीच तुटतात. अंधारात अतिनील टॉर्च मारलात की राळेची डागडुजी बहुतेकदा वेगळी चमकते. आणि गरम पाण्यात अजिबात बुडवू नका, जुने जोड सुटतात.