सत्तरीपुढचा उन्हाळा घरातच काढायचाय, कूलर घेऊ का?

निवांत_दुपार: नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच असतो, मी ७१, हे ७६. ह्यांना बीपीच्या गोळीबरोबर लघवीचीही गोळी आहे. झोपायची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. वाचन, रेडिओ, दुपारची झोप एवढंच निवांतपणे व्हावं. बजेट एका साध्या कूलरएवढंच. एसी नको, ह्यांचे गुडघे धरतात. हवा दमट असते.

गारवाप्रेमी: ताई एसीच घ्या, इन्व्हर्टरवाला. २६ वर ठेवून पंखा हळू लावला की गुडघेबिडघे काही धरत नाहीत. आमच्या दोन्ही बेडरूमला आहेत, उन्हाळा कधी आला कधी गेला कळत नाही.

जुनाजाणता: त्यांनी एसी नको म्हटलंय, वाचा की जरा. कूलर घ्या, मोठ्या टाकीचा, माझा मस्त चालतो.

पानगळ: दमट हवेत कूलर? पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते म्हणून गार वाटतं, हवेतच ओल असेल तर वाफ होणार कशी. उलट चिकचिक वाढते, घाम वाळत नाही.

जुनाजाणता: आमच्याकडे चालतो म्हणजे चालतो. लोक खिडक्या बंद करून लावतात आणि मग कूलरला शिव्या देतात.

पानगळ: तुमच्याकडे हवा कोरडी असणार.

रात्रपाळी: कूलर-एसी नंतर, काकू, आधी गोळ्यांचं बघा. मी नर्स आहे, वॉर्डात दर उन्हाळ्यात हेच बघते. लघवीच्या गोळीने पाणी आणि क्षार जातात, बीपीच्या गोळ्यांनी झटकन उठलं की चक्कर येते, आणि वयानुसार तहान लागलेली नीट कळतच नाही. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, पाणी किती प्यायचं तेही विचारा, कारण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर भरपूर पाणी प्या हे सगळ्यांना लागू होत नाही. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, ताप ४० च्या पुढे, तर घाम येतोय का बघत बसू नका, लगेच अँब्युलन्स. तोवर कपडे सैल करून अंगावर पाणी मारा, पंखा लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

चालतारहा: रोज एक ओआरएस घ्या. मी घेतो, वय ७४, दुपारी बारालाही फिरून येतो, काही होत नाही.

रात्रपाळी: काका, ओआरएसमध्ये मीठ असतं, बीपीवाल्यांनी न विचारता रोज नाही घ्यायचं. आणि बाराचं फिरणं तुम्हीही सोडा हो, पहाटे जा.

चालतारहा: माझी तब्येत मला माहीत आहे.

गारवाप्रेमी: एसी असता तर हे काहीच लागलं नसतं.

खिडकीपाशी: ऊन काचेतून आत आलं की खोली तापलीच, मग आतल्या पडद्याचा फार उपयोग नाही. बाहेरून अडवा, शेडनेट किंवा जाड चटई. दिवसा खिडक्या बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की उघडा. खोलीत साधा थर्मामीटर टांगा, जागतिक आरोग्य संघटना दिवसा ३२ आणि रात्री २४ च्या खाली ठेवा म्हणते. आणि खोलीच ४० च्या वर गेली तर पंखा नुसती गरम हवा मारतो, तेव्हा पंख्यावर विसंबू नका.

जुनाजाणता: पडदे बाहेरून लावा हे मीही सांगणारच होतो. सोबत कूलर.

निवांत_दुपार: सगळ्यांचे आभार. कूलरही नाही आणि एसीही नाही. खाली उत्तरेकडे एक खोली आहे, सामानाने भरलेली, ती रिकामी करून उन्हाळाभर तिथेच झोपणार. वर शेडनेट लावून घेतोय. उरलेल्या पैशात दोघांना दोन आरामखुर्च्या. गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे मंगळवारी जातोय.

गारवाप्रेमी: खुर्चीने गारवा येतो होय?

पानगळ: खुर्ची कुठली बघताय? आईसाठी हवीय.

निवांत_दुपार: हात भक्कम असलेली, जरा उंच, म्हणजे टेकून सावकाश उठता येतं. खोलगट मऊ घेऊ नका, ह्यांना त्यातून उठताना तोल जातो.