शब्दचर्चा: 'विक्रीच्या उद्देशाने बाळगणे' हे बरोबर आहे का?

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी आम्ही काहीजण मराठीत माहितीपत्रक करतोय, त्यात फेडरल (म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या) ड्रग्ज कायद्याचं एक पान आहे. 'पझेशन विथ इंटेंट टू डिस्ट्रिब्यूट' याला मराठी पेपरात सर्रास 'विक्रीच्या उद्देशाने बाळगणे' असं येतं. तेच ठेवू का? 'वितरण' म्हटलं की मला बक्षीस वितरणच आठवतं हो.

---

ताई, 'विक्री' अजिबात लिहू नका. आणि बक्षीस वितरण आठवतं तर चांगलंच आहे, तिथे कोणी पैसे घेतं का? या कायद्यातही पैशाची अट नाहीये. टायटल २१, कलम ८४१ मध्ये डिस्ट्रिब्यूट म्हणजे दुसऱ्याच्या हाती देणं, मग फुकट का असेना. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या प्रिस्क्रिप्शनची अ‍ॅडरॉलची (एकाग्रतेच्या औषधाची) गोळी मित्राला दिली तरी ते डिस्ट्रिब्यूटच, आणि अ‍ॅडरॉल शेड्यूल २ मध्ये (कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत) येतं म्हणजे कायद्याने कमाल शिक्षा २० वर्षं! प्रत्यक्षात एका गोळीसाठी फेडरल खटला क्वचितच होईल, पण 'विक्री' वाचलेला मुलगा म्हणणार मी कुठे विकतोय, आणि तिथेच फसणार. (थोडासा गांजा फुकट दिला तर त्याला साध्या बाळगण्याची शिक्षा लागते, एवढीच सूट आहे.)

---

सहमत. 'हाती देण्याच्या इराद्याने' असं सरळ लिहिलं तर? मला खरं 'बाळगणे' खटकतंय, त्यातून खिशात सापडलं असं वाटतं. इथे वस्तू अंगावर नसली तरी चालतं, कपाटात आहे हे तुम्हाला माहितीये आणि तिच्यावर तुमचा कंट्रोल आहे एवढं सिद्ध झालं की झालं. 'ताब्यात असणे' बरं पडेल.

आणि इरादा म्हणजे मनातलं कोणाला कळणार असं मुलांना वाटतं, तर तेही लिहा की तो आजूबाजूच्या गोष्टींवरून काढतात. एकट्याला लागेल त्याहून जास्त माल, वजनकाटा, छोट्या पिशव्या, रोकड, फोनवरचे मेसेज.

---

शिक्षेचे शब्द पण नीट बघा. आपल्याकडे हात आपोआप 'सक्तमजुरी' लिहितो, या कायद्यात तसा प्रकार नाही, नुसता 'तुरुंगवास' लिहा. 'मँडेटरी मिनिमम'ला 'सक्तीची किमान शिक्षा' ठीक आहे, म्हणजे न्यायाधीशाला वाटलं तरी काही ठरावीक सवलती सोडता त्याखाली जाता येत नाही.

कोकेन ५०० ग्रॅम, हेरॉइन १०० ग्रॅम किंवा फेंटानिल ४० ग्रॅम असेल तर ५ ते ४० वर्षं. याच्या दहापट झालं की १० वर्षं ते जन्मभर. हे सगळं वजन मिश्रणाचं धरतात, त्यामुळे 'शुद्ध' हा शब्द चुकूनही घालू नका. पहिल्या आकड्यांहूनही कमी असेल तर किमान नाही, कमाल २० वर्षं. पण दिलेल्या ड्रगमुळे कोणी दगावलं तर वजन कितीही असो किमान २० वर्षं. नुसतं स्वतःसाठी बाळगलं तर कलम ८४४, पहिल्या वेळेला १ वर्षापर्यंत. हा फरक पानावर सगळ्यात ठळक पाहिजे.

---

वरच्या प्रतिसादात 'जन्मभर' लिहिलंय ते फार योग्य केलंत. 'जन्मठेप' लिहिलं की आपली माणसं मनात १४ वर्षं धरतात. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच (तिथल्या अर्थाने, शिक्षा संपण्याआधी सुटका) नाही, त्यामुळे लाइफ म्हणजे मरेपर्यंत. आणि पेपरातलं 'व्यावसायिक प्रमाण' पण उचलू नका, तो आपल्या एनडीपीएस (भारतातल्या अमली पदार्थविरोधी) कायद्यातला शब्द आहे, तिथे कोकेनची ती मर्यादा १०० ग्रॅम आहे, आकड्यांची सरमिसळ होईल.

---

सगळ्यांचे आभार. मग असं करते: 'दुसऱ्याला देण्याच्या इराद्याने ड्रग्ज ताब्यात ठेवणे (पैसे घेतले नाहीत तरीही)'. लांब आहे पण कळतं. व्हिसावाल्यांसाठी एक वाक्य हवंय, 'हद्दपार' लिहू का? तो शब्द आपल्याकडे तडीपारीसारखा वाटतो.

---

'देशाबाहेर काढणे' लिहा. आणि हेही घाला की राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो चालत नाही आणि व्हिसा फेडरल सरकारच्या हातात असतो, दुकानात उघड मिळतं म्हणून पुष्कळ मुलांना हे खरंच वाटत नाही.