लावणीच्या व्हिडिओला मल्वी लावायची कशी?

पेठेतली मीडियावाली विचारते:

मास कम्युनिकेशनचं एम.ए. करतेय, पुण्यातच. इंटर्नलसाठी एका म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करायचंय. मी लावणीच्या ठेक्यावरचं एक स्वतंत्र मराठी गाणं घेतलंय. शूट पेठेतल्या जुन्या वाड्यात झालंय. नाचते एक अभिनेत्री, आवाज दुसऱ्याच गायिकेचा. म्युझिक व्हिडिओ कसा वाचायचा ते सांगणारा अँड्र्यू गुडविन लिहून झाला, लॉरा मल्वीचा मेल गेझ (पडद्यावरची बाई पुरुषी नजरेतून दाखवली जाते हा मुद्दा) झाला, एकच गोष्ट प्रेक्षक वेगवेगळी वाचतात म्हणणारा स्टुअर्ट हॉलही झाला. पण पानं परत वाचली तर गाण्याचं नाव बदलून ती दुसऱ्या कुठल्याही व्हिडिओला चालतील. सुरुवात नेमकी कुठून करायची?

कोथरूडकर:

गुडविनचे मुद्दे हेडिंग म्हणून घे: शब्द आणि दृश्य, संगीत आणि दृश्य, जॉनरच्या खुणा, कलाकाराची प्रतिमा, नजर, इतर कलाकृतींचे संदर्भ. प्रत्येकाखाली एक शॉट टाइमकोडसकट (व्हिडिओतली नेमकी वेळ) दे. तपासणाऱ्याला मुद्दे दिसले की मार्क मिळतात.

टाइमलाइन ताई:

मी एडिटर आहे. एरंडवण्यात माझी छोटी एडिट रूम आहे. भक्तिगीतं, कोळीगीतं, नव्या गायकांची गाणी हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टाइमकोड द्यायचा हे बरोबरच आहे. पण हेडिंग आधी आणि शॉट नंतर शोधलास, तर हेडिंगला सोयीचे तेवढेच शॉट सापडतील. आधी व्हिडिओ आवाज बंद करून बघ. मग डोळे मिटून नुसतं गाणं ऐक. मग वही घेऊन शॉटची यादी कर: शॉट कुठे सुरू होतो, किती लांब आहे, चेहरा कोणाचा, ओठ गाण्यावर हलतायत का, आणि त्या वेळी मुखडा चाललाय, अंतरा की मधला म्युझिक पीस. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

यादी झाली की कट बघ. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर ठोका अर्ध्या सेकंदाने येतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या व्हिडिओत दर १२ फ्रेमला. कट बरोबर ठोक्यावर आहे, की एक-दोन फ्रेम आधी? ढोलकीच्या थापेच्या किंचित आधी कट मारला, तर थाप नव्या शॉटवर पडते आणि पाय जास्त जोरात आपटल्यासारखा वाटतो. गुडविन म्हणतो की दृश्य शब्दांचंच चित्र काढतं, त्यात भर घालतं, किंवा शब्दांशी फारकत घेतं. 'भर घालतं' एवढं लिहून थांबू नकोस. ही भर कुठल्या फ्रेमला पडते ते दाखव.

आता तुझ्या व्हिडिओतली सगळ्यात मोलाची गोष्ट. गुडविनने १९९२ मध्ये लिहिलं ते एमटीव्हीच्या पॉपबद्दल. तिथे गाणारा तोच दिसणारा, आणि कंपनीला त्याचा चेहरा विकायचा असतो म्हणून क्लोजअप भरपूर. आपल्याकडे १९३५ पासून पार्श्वगायन आहे. आवाजाची ओळख वेगळी, चेहऱ्याची वेगळी. तुझ्या व्हिडिओत गायिका दिसते का? माइकसमोर, एखाद्या खिडकीपाशी, वेगळ्या प्रकाशात? तिला किती सेकंद मिळालेत आणि अभिनेत्रीला किती? हा हिशेब मांडलास की 'कलाकाराची प्रतिमा' हा मुद्दा पहिल्यांदा तुझ्या गाण्याचा होईल.

आणखी एक बघ. मान वळवून डोळा मोडते तो शॉट स्लो मोशनमध्ये असेल, पदर संथ तरंगत असेल आणि तरी ओठ जुळत असतील, तर सेटवर गाणं वेगाने वाजवून शूट केलंय. ४८ फ्रेमवर शूट करून २४ वर दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने लावतात. म्हणजे तिने ती अदा दुप्पट घाईत केली आणि आपल्याला ती निवांत, आपल्यासाठीच केल्यासारखी दिसते. नजर यंत्राने कशी घडवली जाते, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

पेठेतली मीडियावाली:

ताई, तसा शॉट आहे! पदर संथ आणि ओठ जुळलेले. गायिका मात्र कुठेच दिसत नाही. पण मुखड्याला अभिनेत्री थेट कॅमेऱ्यात बघते. मग मल्वी लागू होते का?

फडावरचा रसिक:

मल्वीचा १९७५ चा लेख हॉलिवूडच्या कथाचित्रपटांवर आहे. नजरा तीन: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे. पहिल्या दोन लपवून तिसरीच तेवढी खरी भासवायची, ही त्या चित्रपटांची रीत. लावणीत प्रेक्षक लपलेला नसतोच. बैठकीच्या लावणीत गाणारी स्वतःच अदा करते, समोरच्याकडे बघून. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा वेगळी, कारण समोरून दाद वेगळी येते. तुझ्या व्हिडिओत आवाज एकीचा, अंग दुसरीचं, आणि अदा एकच, कायमची ठरलेली. ही तुलना नक्की लिही.

पण ती कॅमेऱ्यात बघते म्हणून लगेच 'ती सक्षम आहे' असंही लिहू नकोस. फडावरच्या बायका बहुतेक कोल्हाटी, महार, मातंग अशा जातींतल्या, आणि पैसे टाकणारे कोण असत हे आपल्याला ठाऊक आहे. वाड्याचा चौक ही काही नुसती देखणी जागा नाही. तिथे लोडाला टेकून कोणी बसलेला दाखवलाय का बघ. कोणीच नसेल, तर ती बैठक मोबाइलवर बघणाऱ्याला दिलीय.

टाइमलाइन ताई:

रसिकांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो मध्यभागी ठेव. यादीत एक रकाना वाढव: 'तिच्या समोर कोण आहे'.

हॉलबद्दल थोडंसं. मान्य करणारं, तडजोडीचं आणि विरोधी असं वाचन नुसत्या कल्पनेने लिहू नकोस. व्हिडिओखालच्या कमेंट घे, पण कमेंट करणारे म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. घरातल्या एखाद्या वयस्क बाईला आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला वेगवेगळं बसवून दाखव. कुठे हसले, कुठे नजर वळवली, कुठे मागे नेऊन पुन्हा बघितलं ते टिपून घे आणि तुझ्या शॉटच्या यादीशेजारी लाव.

पूर्ण गाण्यावर लिहू नकोस. मुखड्यापासून पहिला म्युझिक पीस संपेपर्यंतचा तुकडा पुरतो, तो स्लो मोशनचा शॉट त्यात नसेल तर तेवढा वेगळा जोड. यादी झाली की इथे टाक, कट मी तपासून देते.