मदत हवी आहे: काउंटर-स्ट्राइक 2 या नेमबाजीच्या गेममध्ये स्काउट (एसएसजी 08 ही स्नायपर रायफल) कधी घ्यावी?

मिडचा_राखणदार:
स्काउट 1700 ला मिळते. डोक्यात बसली तर हेल्मेटसकट एका गोळीत काम होतं, अंगावर बसली तर समोरचा जिवंत राहतो. मग तिला स्वस्तातली एडब्ल्यूपी (गेममधली महागडी स्नायपर) म्हणायचं का? आणि नुसत्या किलच्या आकड्यावरून तिची किंमत ठरवता येते का? कृपया आकड्यांसकट सांगा.

चौथा_राउंड:
स्वस्तातली एडब्ल्यूपी समजून घेतलीत तर पैसे वायाच जातील. एडब्ल्यूपी आर्मर घातलेल्याला छातीत एका गोळीत मारते, स्काउट तिथे 100 पैकी 74 हेल्थ काढते. पोटात लागली तर 93, म्हणजे समोरच्याकडे 7 उरतात. आर्मर नसेल तर मात्र पोटातली एकच गोळी पुरते. इको राउंडवाल्यांसमोर (पैसे वाचवायला आर्मर न घेतलेल्यांसमोर) नेम थोडा खाली ठेवला तरी चालतो तो यामुळेच.

एका गोळीनंतर दुसरी सुटायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात एके-47 रायफल चार गोळ्यांत तुमचं काम आटोपते. म्हणून अंगावर गोळी बसली की तिथेच उभं राहून दुसरीची वाट बघू नका. आडोशाला या आणि लगेच टीमला सांगा, "विंडोवाला 74", म्हणजे खिडकीतल्याचे 74 गेले. हा निरोप वेळेवर गेला तर अर्धा किल तुमचाच. समोरचा जवळ असेल तर पिस्तूल काढा. त्याच्याकडे 26 उरलेले असतात आणि जवळून फाइव्ह-सेव्हनची किंवा टेक-9 ची एक गोळी छातीतही पुरते. पी250 ची पुरत नाही, 24 वर अडकते. हे दोन आकड्यांचं अंतर बऱ्याच जणांना महागात पडतं.

तिची खरी ताकद पायांत आहे. ती हातात असताना पळण्याचा वेग 230, आणि झूम केल्यावरही तेवढाच. एडब्ल्यूपी झूममध्ये 100 वर येते. कोपऱ्यातून बाहेर डोकवा, उलट दिशेची की दाबून थांबा, गोळी सोडा, परत आत. थांबायच्या आधी ट्रिगर दाबला की गोळी भरकटते. "नेम बरोबर होता, तरी लागली नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

इको_हिशोब:
पैशाचं बघा. पिस्तूल राउंड (पहिला राउंड) हरलात तर 1900 येतात. त्यात स्काउट घेतली की आर्मरला काही उरत नाही. स्काउट, केव्हलार (अंगावरचं आर्मर) आणि फाइव्ह-सेव्हन मिळून 2850 होतात, तेवढे जमले तरच घ्या. टेररिस्ट बाजूला स्काउटपेक्षा 100 जास्त घातले की गलील रायफल येते. जवळून साइटमध्ये (बॉम्ब लावायच्या जागी) घुसायचं असेल तर डोळे झाकून गलील. उलट मिराज मॅपवर टॉप मिडवरून विंडो धरायची किंवा डस्ट टू मॅपवर लॉंग (लांब वाट) बघायचं, तर स्काउट. इन्फर्नो मॅपच्या अपार्टमेंटमध्ये ती नेऊ नका. किलचे 300 मिळतात, एडब्ल्यूपीचे फक्त 100, हेही हिशोबात धरा.

मिडचा_राखणदार:
आणि उडी मारून मारलेली गोळी?

चौथा_राउंड:
उडीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे वर जाणं थांबतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं, तिथे ती नेमकी जाते. वर जाताना किंवा खाली येताना सोडली तर नुसतं नशीब. भिंतीपलीकडे बघण्यासाठी उपयोगी आहे, पण राउंड त्याच्या भरवशावर टाकू नका.

किलच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. डेमो (सामन्याचं रेकॉर्डिंग) लावून फक्त स्काउट घेतलेले राउंड बघा आणि पहिल्या गोळीचं काय झालं ते लिहा: डोकं, अंग की हवेत. अंगावर बसली असेल तर पुढे लिहा, त्याला नंतर कोणी संपवलं का. वीस राउंड तरी जमू द्या. अंगावरच्या गोळ्या भरपूर आणि त्यातले बरेच जण जिवंत सुटले, तर दोष बंदुकीचा नाही, निरोप उशिरा जातोय किंवा तुम्ही एकटेच लांब उभे आहात. हवेत जास्त जात असतील तर आधी थांबण्याचा सराव करा, खरेदी नंतर बघू.