घरच्या घरी पॅनकेक सिरप : पाक नक्की कुठे थांबवायचा?

खिडकीतला_बर्फ

नमस्कार मंडळी, शनिवारच्या आत मदत हवी आहे.

मी मिनियापोलिसजवळ राहते. शुक्रवारी रात्री लेकीच्या तीन मैत्रिणी मुक्कामाला येताहेत आणि सकाळी 'आईच्या हातचे पॅनकेक' असं तिने सगळ्यांना कबूल करून ठेवलंय. पॅनकेक जमतात. अडतंय ते सिरपवर. दुकानातल्या 'पॅनकेक सिरप'वर पहिला घटक कॉर्न सिरप असतो, तो मला नको आहे. खरं मेपल सिरप (मेपल झाडाचा रस आटवून केलेलं) आवडतं, पण आमच्याकडे ते इतकं संपतं की दर वेळी परवडत नाही. म्हणून घरात आहे त्यातून करून बघितलं, दोनदा.

पहिल्यांदा १ कप पांढरी साखर, अर्धा कप पाणी. पातेल्यात दाट दिसेपर्यंत उकळलं. गार झाल्यावर बाटलीतून बाहेरच येईना. दुसऱ्यांदा धसका घेऊन ६-७ मिनिटांत उतरवलं, छान ओतता येत होतं, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी तळाशी खडीसाखर!

घरात आहे : पांढरी साखर, डार्क ब्राउन शुगर, गूळ, मध, लिंबं, बटर, व्हॅनिला, दालचिनी, कॉर्नस्टार्च. थर्मामीटर नाही, वजनकाटा आहे.

प्रश्न तीन. पाक कुठे थांबवायचा? मेपलच्या जवळ जाणारा वास कशाने येईल? आणि धाकटा १० महिन्यांचा आहे, मैत्रिणींपैकी एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तर काय टाळू?

---

पाटावरवंटा

पहिलं उत्तर : पातेल्यात दाट दिसला म्हणजे पाक पुढे गेलाच. उकळता पाक नेहमी पातळच दिसतो, दाटपणा गार झाल्यावर येतो. आपल्याला हे हाताने माहीत असतं. लाडवाला एकतारी बघताना आपण थेंब बोटांत घेतो, पातेल्याकडे बघून ठरवत नाही. सिरपसाठी एकतारीच्या अलीकडे थांबायचं. बोटांत चिकट लागला पाहिजे, तार सुटता कामा नये. गुलाबजामच्या पाकापेक्षा थोडा दाट म्हणा.

माझं गेल्या कित्येक वर्षांचं प्रमाण :

डार्क ब्राउन शुगर १ कप दाबून (२२० ग्रॅम), पाणी अर्धा कप (१२० मिली), चिमूटभर मीठ, अर्धा चमचा लिंबाचा रस. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, मगच उकळी आणा. उकळी आली की ढवळणं बंद. मध्यम आचेवर ३-४ मिनिटं. उतरवल्यावर अर्धा चमचा व्हॅनिला. साधारण एक कप सिरप होतं. चार मुली म्हणजे दुप्पट करा.

मीठ वगळू नका. त्याच्याशिवाय नुसतं गोड पाणी लागतं. आणि मुलींना स्टोव्हपाशी येऊ देऊ नका. पाक पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो.

---

उंचावरचं_घर

पाटावरवंटा यांना पूर्ण अनुमोदन, फक्त मिनिटांवर भरवसा ठेवू नका. दुप्पट माल, पसरट पातेलं, वेगळी शेगडी, सगळ्याने वेळ बदलते. तुमच्याकडे वजनकाटा आहे ना, मग थर्मामीटरची गरजच नाही.

साखरेच्या वजनाच्या दीडपट सिरप उरलं की झालं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. ४४० ग्रॅम साखर असेल तर पातेलं वजा जाता ६६० ग्रॅम भरेपर्यंत आटवायचं. (काट्यावर जाड लाकडी पाट ठेवून मग पातेलं ठेवा, काचेचा काटा तडकतो.)

दीडपटच का, तर तेव्हा सिरपमध्ये दोन तृतीयांश साखर असते, आणि खऱ्या मेपल सिरपमध्येही तेवढीच असते, ६६-६७ टक्के. मेपलवाले ओळखतात ते तापमानाने : पाणी जितक्याला उकळतं त्याच्या ४ अंश सेल्सिअस वर. समुद्रसपाटीला १०४. मी डेन्व्हरला राहतो, इथे पाणी ९५च्या आसपासच उकळतं, म्हणून १०४ची वाट बघत मी पहिल्या वर्षी तीन वेळा पाक तारेपर्यंत पुढे नेला. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, पण वजनाचा नियम डोंगरावर आणि किनाऱ्यावर सारखाच लागू पडतो.

आता खडीसाखर. दोन तृतीयांश म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला पाण्यात जेवढी साखर मावते त्याच्या अगदी काठावर. फ्रिजमध्ये ती मर्यादा आणखी खाली येते, मग जास्तीची साखर बाहेर पडायला कारणच शोधत असते. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक कण पडला तरी पुरतो. म्हणून उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा. वाफेचं पाणी कडेचे कण धुऊन खाली आणतं. ढवळायचं नाही ते याचसाठी. आणि लिंबू चवीसाठी नाही : आंबटात उकळल्यावर साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असा फुटतो, आणि तीन प्रकारच्या साखरा एकत्र असल्या की स्फटिकाची रांग जमत नाही. जिलबीच्या पाकात लिंबू पिळतात ते हेच. लिंबू उकळतानाच घाला, उतरवल्यावर घालून उपयोग नाही.

आधीची खडीसाखर टाकून देऊ नका. दोन चमचे पाणी घालून परत तापवा, पूर्ण विरघळू द्या, लिंबू घाला.

---

सायसाखर

बाळाबद्दल आधी : मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, शिजवलेला किंवा पाकात घातलेलाही नाही. त्याने होणारा बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा आजार) गंभीर असतो. तसंही इतक्या लहान वयात साखरेचं काहीच द्यायचं नसतं, त्याच्या पॅनकेकवर केळं कुस्करून द्या, खूश होईल.

आता वासाचं. मी न्यू जर्सीत राहते आणि हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. मेथी. खरंच. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, त्याचा वास पातळ केल्यावर अगदी मेपलसारखा येतो, आणि नकली मेपल इसेन्समध्ये मेथीचा अर्क वापरतात. २००५च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनवर अचानक मेपल सिरपचा वास पसरला होता, लोकांनी घाबरून शहराच्या हेल्पलाइनला फोन केले. पुढे वर्षानुवर्षं तो वास अधूनमधून येत राहिला. २००९मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की तो नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून येत होता. ती बातमी वाचली तेव्हा मला माझं बाळंतपण आठवलं. आईने पाठवलेले मेथीचे लाडू महिनाभर खाल्ले होते आणि दुपटी, गाऊन, सगळ्याला तो गोड वास यायचा. तेव्हा मला वाटायचं बाळाचाच वास आहे.

अर्धा चमचा मेथीदाणे कोरडेच किंचित परतायचे, अर्ध्या कप गरम पाण्यात २० मिनिटं झाकून ठेवायचे, गाळायचे, आणि त्याच पाण्यात सिरप करायचं. दाणे पाकात उकळायचे नाहीत.

---

खिडकीतला_बर्फ

सायसाखर, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून मेथीचा डबा उघडून वास घेतला! नुसत्या दाण्यांना तेवढा नाही आला, पण गरम पाण्यात टाकल्यावर नवऱ्याने दुसऱ्या खोलीतून विचारलं, सिरप आणलंस का.

शनिवारी मेथीचंच करते.

---

पाटावरवंटा

थांबा, शनिवारी नको. मेथी आणि शेंगदाणा एकाच कुळातले आहेत, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना मेथीचाही त्रास होतो. दुसऱ्याची लेक आहे, तिच्या आईला विचारल्याशिवाय घालू नका. विचारलंत तरी बहुतेक आयांना उत्तर माहीत नसेल. मेथीची बाटली घरच्यांसाठी वेगळी करा.

शनिवारच्या सिरपला वास आणायला : एक मोठा चमचा बटर छोट्या कढईत तांबूस होईपर्यंत तापवा, खाली बसणारे कण बदामी झाले की लगेच गरम सिरपमध्ये ओता. डार्क ब्राउन शुगरमध्ये मोलॅसिस (उसाची गडद मळी) असतोच, त्यात हे बटर आणि व्हॅनिला, मुलींना आणखी काही लागणार नाही. बटर फक्त त्या दिवशी खायच्या भागात घाला. फ्रिजमध्ये ते वर थिजतं आणि सिरपही लवकर खराब होतं. बिनबटरचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे नीट राहतं.

---

गुऱ्हाळाची_वाट

एवढी चर्चा झाली आणि काकवीचं नाव कुणी घेतलं नाही! मी कोल्हापूरकडची, आता टोरांटोला. उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आधी काढून घेतात ती काकवी. आमच्याकडे भाकरीशी, धिरड्याशी, घावनाशी खातात. म्हणजे पॅनकेकवर सिरप ओतणं आम्हाला मुळात नवीन नव्हतंच, फक्त आमचं सिरप शेताच्या बांधावर तयार व्हायचं. मुलगा लहान असताना इथल्या शाळेतून मेपलच्या रानात सहल गेली होती. पसरट कढया, खाली लाकडं, वर वाफच वाफ. रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊन, असे दिवस आले की खोडातून रस ठिबकतो. त्याच्या ४० लिटरचं १ लिटर सिरप होतं हे तिथल्या बाईंनी सांगितलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं गुऱ्हाळच उभं राहिलं.

काकवी आणि इथला ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस एक नव्हे. मोलॅसिस ही साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, कडवट. काकवीत सगळी साखर असते.

तुमच्याकडे काकवी नाही, पण गूळ आहे. २०० ग्रॅम चिरलेला गूळ, १२० मिली पाणी, विरघळला की गाळून घ्या (हे चुकवू नका, तळाला कचकच असतेच), मग परत आटवा आणि वर सांगितलेला दीडपटीचा नियम लावा, म्हणजे ३०० ग्रॅम. गुळात फुटलेली साखर मुळातच असते, त्यामुळे तो पांढऱ्या साखरेइतका पटकन दाणेदार होत नाही. वर एक वेलदोडा. ते मेपल लागणार नाही, घरचं लागेल.

---

निळी_किटली

कॉर्नस्टार्चबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. साखर निम्मी करून कॉर्नस्टार्चने दाट करतात, १ कप पाण्याला १ मोठा चमचा, गार पाण्यात कालवून. गरम असताना चांगलं लागतं, दुसऱ्या दिवशी खळ होते. लगेच संपणार असेल तरच. आणि आपल्याकडे ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो तेच इथलं कॉर्नस्टार्च. इथे 'कॉर्न फ्लोअर' लिहिलेलं पाकीट मक्याचं पीठ असतं, मी एकदा तेच घातलं आणि पिठलं झालं.

खरं मेपल आवडतं म्हणालात, तर त्याची छोटी बाटली आणून घरच्या सिरपमध्ये तीनास एक मिसळा. बाटलीवर रंगाप्रमाणे प्रकार लिहिलेला असतो, त्यातलं 'डार्क' किंवा 'व्हेरी डार्क' घ्या. 'गोल्डन'ची चव इतकी हलकी असते की ती ब्राउन शुगरखाली दबून जाते.

---

खिडकीतला_बर्फ

रविवार रात्र. सगळ्यांचे मनापासून आभार, आता हकीकत.

शनिवारसाठी ४४० ग्रॅम डार्क ब्राउन शुगर, २४० मिली पाणी, एक चमचा लिंबाचा रस, मीठ. पहिलं वजन केलं तेव्हा ६७२ भरलं आणि मला वाटलं हे फारच पातळ आहे, काहीतरी चुकलंय. हात शिवशिवत होता आणखी पाच मिनिटं ठेवायला. ६६० वर बंद केलं. तासाभराने बघितलं तर बरोबर बाटलीतल्यासारखी धार! माझी पहिली दोन्ही सिरपं मी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवून घालवली.

तांबूस बटर अर्ध्या भागात घातलं. चौघींनी मिळून ते सगळं संपवलं. अ‍ॅलर्जीवाल्या मुलीच्या आईला मी घटकांची यादी आधीच पाठवली होती. तिने उलट कृती मागितली.

मेथीची बाटली आज केली, पांढऱ्या साखरेची. वास हुबेहूब, पण घोट गिळल्यावर मागून कडू येतंय. दाणे लालसर होईपर्यंत भाजले होते. ते चुकलं का? वाचवता येईल का?

---

सायसाखर

हो, लालसर म्हणजे जास्त. आमटीच्या फोडणीत मेथी लाल होते तशी नाही, हाताला गरम लागले आणि वास सुटला की उतरवायचे. २० मिनिटांच्या वर भिजवलेत तरी कडू उतरतं.

वाचेल. बिनमेथीचं तेवढंच सिरप करून त्यात मिसळा, आणि दोन चिमटी मीठ जास्त घाला, मिठाने कडवटपणा मागे सरतो. पुढच्या वेळी पांढरीऐवजी ब्राउन शुगर घ्या, तिच्यात थोडा कडवटपणा झाकला जातो.

---

खिडकीतला_बर्फ

मिसळलं, मीठ घातलं. आता जिभेवर मागे काही राहत नाही. बाटलीवर 'मेथी, पाहुण्यांना नको' अशी चिठ्ठी चिकटवली आहे.